खांद्यामागचा माणूस

नेमबाजी म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हल्ली स्वप्नील कुसाळे येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या या मुलाने २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याच्या आधी अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांनी आपल्याला हा खेळ पाहायला शिकवलं होतं. जाडजूड जाकीट, आवळलेले पट्टे, दोन श्वासांमधली क्षणभराची फट आणि दशांश गुणांत मोजला जाणारा नेम. ऑलिंपिक पॅरिसचं असलं तरी नेमबाजीच्या लढती तिथून बऱ्याच लांब, शातोरू इथे झाल्या. त्याच शातोरूत २०१८ साली शॉटगनची, म्हणजे आपल्याकडच्या बारा बोअरची, एक जागतिक स्पर्धा भरली होती. तिच्यात कोणी एका जागी उभं राहत नव्हतं. माणसं धावत होती, गुडघे टेकत होती, चौकटींतून वाकून गोळ्या झाडत होती. आणि प्रत्येकाच्या मागे, थोडं अंतर राखून, हातात टायमर घेतलेला एक माणूस धावत होता.

हे पुस्तक त्या मागच्या माणसाविषयी आहे.

मी ज्या खेळात रमले तो याच कुळातला, पण अस्सल अमेरिकी वळणाचा. मल्टिगन, किंवा बऱ्याच जणांच्या तोंडी थ्री-गन. एका स्पर्धकाकडे रायफल, शॉटगन आणि पिस्तूल अशी तीन हत्यारं असतात आणि एकाच फेरीत दोन किंवा तिन्ही वापरायची असतात. या फेरीला स्टेज म्हणतात. तीन बाजूंनी मातीचे उंच बांध, मध्ये लाकडी चौकटी, जाळीच्या भिंती, रिकामी पिंपं. पुठ्ठ्याची लक्ष्यं काही उघड्यावर, काही अर्धी लपलेली. टायमर वाजला की आधी रायफलीने समोरच्या उतारावरच्या लोखंडी पाट्या टिपायच्या, मग रायफल पिंपात नळी खाली करून सोडायची, धावत जाऊन टेबलावरची शॉटगन उचलायची. एक पाटी पडली की यंत्रातून मातीची तबकडी हवेत उडते, ती खाली यायच्या आत फोडायची. शेवटी कमरेचं पिस्तूल. एवढं सगळं साधारण मिनिटभरात, कसलेल्यांचं त्याहूनही कमी वेळात. लागलेला वेळ अधिक चुकलेल्या लक्ष्यांच्या दंडाचे सेकंद, हाच बहुतेक ठिकाणी गुणांचा हिशोब.

इतिहासात फार शिरत नाही. १९७६ साली मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी जेफ कूपर आणि इतरांनी अशा धावत्या नेमबाजीची इप्सिक ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. तिची अमेरिकी शाखा, यूएसपीएसए, १९८४ ची. पण मल्टिगन हे पोर या घरात पूर्णपणे कधीच वाढलं नाही. ऐंशीच्या दशकात ‘सोल्जर ऑफ फॉर्च्युन’ या मासिकाच्या नावाने भरणाऱ्या सामन्यांनी त्याला रूप दिलं, आणि पुढे न्यू मेक्सिकोतलं रॅटोन, आयडाहोतलं पार्मा अशा ठिकाणचे सामने आपापल्या नियमांवर चालत राहिले. अशा सामन्यांना कौतुकाने ‘आउटलॉ’ म्हणतात. नाव दरोडेखोरांचं, पण नियमांची पुस्तिका हातात घेतली की सहकारी गृहनिर्माण संस्थेचे उपविधी आठवावेत.

आता रेंज ऑफिसर. बोलताना सगळे आरओच म्हणतात, मीही तेच म्हणेन.

रेंजवर पाऊल ठेवल्यापासून बंदूक रिकामी असते. रायफल आणि शॉटगनच्या चेंबरमध्ये रंगीत प्लॅस्टिकची पट्टी खोचलेली असते, कोणालाही लांबून दिसावी म्हणून. पिस्तूल म्यानात. ते नुसतं हाताळायचं तरी ठरवून दिलेल्या कोपऱ्यात जावं लागतं, आणि त्या कोपऱ्यात काडतुसाला स्पर्श करायला बंदी असते. बंदूक भरायची ती आरओच्या आज्ञेनेच. तो म्हणतो, “मेक रेडी.” मग विचारतो, “आर यू रेडी?” मग “स्टँड बाय”, आणि त्यानंतर एक ते चार सेकंदांत कधीतरी टायमर वाजतो. किती सेकंदांत ते कोणालाच आधी कळू नये अशी सोय यंत्रातच असते. शेवटची गोळी झाडून झाली की, “इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर.” तो स्वतः डोळ्यांनी रिकामं चेंबर पाहतो. शेवटी मोठ्याने, साऱ्या स्क्वाडला, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या तुकडीला, ऐकू जाईल असं: “रेंज इज क्लिअर.” तोवर एकही माणूस लक्ष्यांच्या दिशेने पाऊल टाकत नाही. या आज्ञांचे शब्द ठरलेले असतात. कितीही विनोदी स्वभावाचा आरओ असला तरी त्यांत पदरचा शब्द घालत नाही. थकलेला, घाबरलेला, कानांवर मफ चढवलेला माणूस फक्त सवयीचं ऐकतो, हे त्यामागचं कारण.

मला सर्वांत नवल वाटलं ते आरओ कुठे पाहतो याचं. माझी कल्पना अशी होती की पंच म्हणजे लक्ष्याकडे बघणारा. गोळी लागली का, किती लागल्या, हे त्याचं काम. तर नाही. टायमर धरलेला आरओ लक्ष्याकडे पाहतच नाही. तो बंदूक पाहतो. नळी कुठे रोखली आहे आणि बोट कुठे आहे, या दोन गोष्टी. गुण नंतर मोजता येतात, लक्ष्यं कुठे पळून जात नाहीत. नॅशनल रेंज ऑफिसर्स इन्स्टिट्यूटच्या प्रशिक्षणात हीच गोष्ट परत परत मनावर ठसवतात. त्यामुळे तो सहसा तुमच्या पिस्तुलाच्या हाताच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे असतो, आणि तुम्ही कुठे वळणार हे तुमच्या आधी त्याला कळलेलं असतं. तुम्ही मागे सरकलात तर त्याच्यावर आदळू नये, आणि तुम्ही चुकलात तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचावा, एवढंच अंतर.

चूक म्हणजे कोणती? स्पर्धकाच्या दोन्ही बाजूंना आडवी एक अदृश्य रेघ कल्पा. १८० अंशांची रेघ. नळी त्या रेघेच्या मागे क्षणभरही गेली की सामना संपला. वाचायला सोपं आहे. उजव्या हाताच्या माणसाने उजवीकडून डावीकडे धावता धावता पिस्तुलाचं मॅगझीन बदलून पाहावं. धावताना अंग डावीकडे वळलेलं असतं, मॅगझीन घालताना मनगट आपसूक आणखी डावीकडे वळतं, आणि नळी बांध सोडून मागच्या माणसांकडे निघते. म्हणून स्टेज उभारणारे मुद्दाम तिथेच धाव ठेवतात आणि आरओ तिथेच डोळे फाडून असतो. नळी रेघेच्या जवळ आली तर तो “मझल!” असं ओरडतो. चालताना बोट चापाजवळ दिसलं तर “फिंगर!” हे शब्द इशाऱ्याचे. रेघ ओलांडली, भरलेली बंदूक हातातून पडली, नको तिथे गोळी सुटली, किंवा पिंपात सोडलेली रायफल सेफ्टी न लावता भरलेलीच सापडली, तर शब्द एकच: “स्टॉप!”

मग डिसक्वालिफिकेशन, म्हणजे डीक्यू. त्या एका स्टेजपुरतं नव्हे, साऱ्या सामन्यापुरतं. वर्षभर सराव केलेला असो, दोन राज्यं ओलांडून गाडी चालवत आलेला असो. सलग तीन दिवसांच्या एका सामन्यात आमच्या स्क्वाडमधल्या एका शल्यविशारदाचं पहिल्याच सकाळी, दुसऱ्याच स्टेजवर असं झालं. पिस्तूल म्यानात परत जाताना निसटलं आणि वाळूत पडलं. पडलेलं पिस्तूल स्पर्धकाने उचलायचं नसतं. ते आरओ उचलतो, रिकामं करतो आणि परत देतो. आरओने तसं केलं. हा आरओ त्याचा जुना मित्र, आदल्या रात्री एकाच टेबलावर जेवलेला. दोघांनी हात मिळवले. मित्राने कागदावर कारण लिहिलं, डॉक्टरांनी वाचून सही केली. नंतर त्यांनी बंदुका गाडीत कुलूपबंद केल्या, टोपी घातली आणि उरलेले सगळे दिवस आमच्याबरोबर उन्हात लक्ष्यांवर चिकटपट्ट्या लावत राहिले. घरी गेले नाहीत. संध्याकाळी आम्ही त्यांना डेअरी क्वीनमध्ये आइस्क्रीम खायला नेलं. दुकानाची आद्याक्षरंही डीक्यूच असल्याने बाद झालेल्याला तिथे न्यायचं, ही या लोकांची जुनी थट्टा आहे.

ही थट्टा मला सुरुवातीला निर्दय वाटली होती. ओळखीचा पंच असला की थोडं सांभाळून घेतो, ही अपेक्षा आपल्या रक्तात असते, आणि सांभाळून घेतलं नाही की मैत्री तुटते. इथे नेमका उलटा प्रकार. मला वाटतं, डॉक्टर थांबले ते खिलाडू वृत्तीचं प्रदर्शन म्हणून नव्हे. पडलेलं पिस्तूल त्या दिवशी कोणाच्या दिशेने पडलं होतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं, आणि आपला मित्र त्या क्षणी कचरला असता तर पुढच्या वेळी त्याच्यासमोर पाठ करून उभं राहणं आम्हा कोणालाच जमलं नसतं. या पुस्तकातले बहुतेक लेख फिरून फिरून याच जागेवर येतात, त्याला माझा इलाज नाही.

आरओला पगार नसतो. मोठ्या सामन्यांत राहण्याजेवणाची सोय होते, कधी प्रवेशशुल्क माफ होतं. त्यांना स्वतःला खेळायचं असतं ते मुख्य सामन्याच्या एक-दोन दिवस आधी, आपसांत, आणि मग दिवसभर तोच एक स्टेज, तेच शब्द, तेच वळण. निवृत्त पोलीस, बसचालक, दंतवैद्य, शाळामास्तर, एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. लिहिलेल्या सूचना प्रत्येक स्क्वाडला शब्दशः वाचून दाखवायच्या, म्हणजे कोणाला जास्त, कोणाला कमी कळलं असं व्हायला नको. त्यानंतर पाच मिनिटं स्टेज पायाखालून घालायला मिळतात. हे दृश्य बघण्यासारखं असतं. पन्नाशीची पोक्त माणसं बोटांची पिस्तुलं करून, ओठ हलवत, एकमेकांना धडकत घुमत असतात. कोणीतरी सूचनांतली पळवाट शोधून काढतो आणि मिश्कील चेहऱ्याने विचारतो, “या खिडकीतूनच मारायला हवं असं कुठे लिहिलंय?” आरओ कपाळाला हात लावतो. लिहिलेलं नसेल तर त्याला परवानगी द्यावीच लागते.

त्यांचं शास्त्र कधी कधी हास्यास्पद वाटावं इतकं बारीक असतं. लोखंडी पॉपर, म्हणजे गोळी लागली की मागे कोसळणारी पाटी, कधी कधी गोळी लागूनही पडत नाही. स्पर्धक म्हणतो, पाटीचं वजन बिघडलंय. मग त्या पाटीला कोणी हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही. तपासणीसाठी वेगळी ठरवलेली काडतुसं घेऊन अधिकारी येतो आणि स्पर्धकाच्याच जागेवरून तिच्यावर गोळी झाडतो. पडली तर स्पर्धकाची चूक, नाही पडली तर त्याला फेरी पुन्हा मिळते. एकदा अधिकारी यायच्या आधी वाऱ्याची झुळूक आली आणि पाटी आपणहून आडवी झाली. नियमाने फेरी पुन्हा मिळाली. स्पर्धकाने वाऱ्याला वाकून नमस्कार केला.

दूरच्या रायफलीच्या लक्ष्यांवर वेगळीच गंमत. तीन-चारशे यार्डांवरच्या पाटीला गोळी लागली की नाही हे झाडणाऱ्याला दिसत नाही. दुर्बीण लावून बसलेला आरओ “हिट!” म्हणेल तेव्हा पुढच्या पाटीकडे जायचं. धुळीचा लोट उठला, मृगजळ नाचायला लागलं, की त्याच्या एका शब्दावर तुमचे पाच-सहा सेकंद अवलंबून. शंका असेल तर त्याने काय म्हणावं, यावर संध्याकाळी बिअरच्या ग्लासांभोवती झडलेल्या चर्चा मी ऐकल्या आहेत. न्यायमूर्तींनीही ऐकाव्यात.

सगळेच आरओ असे नसतात. उगाच आवाज चढवणारे असतात. नावाजलेल्या खेळाडूला फेरी पुन्हा द्यायला तत्पर आणि नवख्याला नियम वाचून दाखवणारे असतात. बायका पिस्तूल धरतात म्हणजे आता काहीतरी घडणार, अशा चेहऱ्याने उभे राहणारे मी भोगले आहेत. अशा वेळी वरिष्ठाकडे, म्हणजे रेंज मास्टरकडे, दाद मागता येते, आणि तिथेही समाधान झालं नाही तर शुल्क भरून तिघांच्या समितीपुढे. दावा खरा ठरला तर शुल्क परत. लोक मात्र क्वचितच तिथवर जातात.

आणि मग दुसऱ्या टोकाला तो म्हातारा, ज्याच्यामुळे मी टिकले. माझी फेरी संपली की बाकीचे वेळ विचारत, कोणी पाठ थोपटे. हा फक्त म्हणे, “मॅम, युवर फिंगर वॉज क्लीन.” किती लक्ष्यं चुकली याचा उच्चार नाही. त्याने लक्ष्यं पाहिलीच नव्हती.

सौहार्दाचं बोलायचं तर त्याचं अर्धं मूळ मजुरीत आहे. या खेळात प्रेक्षक नसतात आणि मैदानावर नोकर नसतात. एक जण खेळून झाला की उरलेल्या स्क्वाडने पुठ्ठ्यांवरची भोकं बुजवायची, पाट्या उभ्या करायच्या, तबकड्या भरायच्या. गावजेवणाच्या पंगतीत आधी वाढायचं आणि मग बसायचं, तसलाच हा कारभार. कोणी सावलीत बसून राहिला तर त्याला कोणी काही बोलत नाही, फक्त पुढच्या वेळी त्याच्या स्क्वाडमध्ये जागा असूनही भरत नाहीत. या कामात मोठेपणा चालत नाही. १९९९ साली रिव्हॉल्व्हरने सहा गोळ्या, पुन्हा भरून आणखी सहा, अशा बारा गोळ्या २.९९ सेकंदांत झाडणारे लुइझियानाचे जेरी मिक्युलेक, किंवा अमेरिकी लष्कराच्या नेमबाजी पथकात असताना मल्टिगनमध्ये वर्षानुवर्षं अजिंक्य ठरलेले डॅनियल हॉर्नर, ज्या स्टेजवर खेळतात त्याच स्टेजवर त्याच सामन्यात किराणा दुकानदारही खेळतो. सचिनच्या पाठोपाठ त्याच खेळपट्टीवर आपली बॅटिंग, असं क्रिकेटमध्ये स्वप्नातच होतं.

सामानाची ने-आण करायला यातले निम्मे लोक लहान मुलांची तीनचाकी बाबागाडी वापरतात. पळताना ढकलायची, मोठ्या चाकांची. जिथे बाळ बसायचं तिथे आता रायफल आणि शॉटगन, नळ्या आकाशाकडे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खोकल्याचं निमित्त करून हसू लपवलं. पुढे माझ्याच मुलीची गाडी माळ्यावरून काढली. त्याच गाडीतून मी एकदा एकाची मोडलेली शॉटगन वाहून नेली, आणि रेंज मास्टरची परवानगी घेऊन त्याने उरलेला सामना तिसऱ्याच माणसाच्या शॉटगनने खेळला. तो तिसरा त्याच्याच गटात, क्रमवारीत त्याच्या दोन जागा वर होता.

आपली माणसं इथे कशी पोचतात, हा प्रश्न मला भारतात हमखास विचारतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार तात्पुरत्या व्हिसावरच्या परदेशी माणसाला बंदूक बाळगता येत नाही, पण त्याच्याकडे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर सूट आहे. परिणामी, सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या कित्येक शाकाहारी देशस्थ-कोकणस्थांच्या पाकिटात शिकारीचा परवाना सापडतो. त्यांनी ससा मारलेला नसतो, मारायचाही नसतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने आणि त्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुकांची मर्यादा घातली आहे, आणि या खेळातली रायफल तर आपल्याकडे नागरिकाला मिळतच नाही.

ती रायफल. तिच्याबद्दल बोलल्याशिवाय प्रस्तावना संपवणं अप्रामाणिक होईल. मल्टिगनमध्ये बहुतेकांच्या हाती असते ती एआर-१५ घराण्याची. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कनेटिकटच्या सँडी हुक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली ती याच घराण्याच्या रायफलीने. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये लास व्हेगासच्या संगीत महोत्सवावर हॉटेलच्या खिडकीतून झालेल्या गोळीबारातही मुख्यतः याच होत्या. त्या शहरापासून जवळच असलेल्या बोल्डर सिटीच्या रेंजवर मल्टिगनच्या राष्ट्रीय स्पर्धा भरल्या आहेत. खेळाचे पुरस्कर्ते बहुतांशी याच रायफली बनवणाऱ्या कंपन्या असतात, बक्षिसांच्या टेबलावर त्याच मांडलेल्या असतात.

मी ॲरिझोनात राहते. इथे २०१० पासून २१ वर्षांवरील माणसाला भरलेलं पिस्तूल कपड्यांखाली लपवून रस्त्यावर फिरायला कोणताही परवाना लागत नाही. तोच माणूस फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंजवर सामन्याला आला की आज्ञेशिवाय एक काडतूस भरू शकत नाही. मी हे एकदा दुपारच्या जेवणाला बोलून दाखवलं. टेबलावरच्या सहांपैकी चौघांना त्यात विसंगती दिसली नाही. रेंज वेगळी आणि रस्ता वेगळा, असं त्यांचं म्हणणं. त्या चौघांत तो बोट पाहणारा म्हातारा होता. आम्हा दोघांचं त्या विषयावर आजवर एकमत झालेलं नाही, होण्याची चिन्हं नाहीत, आणि माझ्या मते तो साफ चुकतो. रेंजवर ज्याला आपण खांद्यामागे उभं करतो असा कोणी बाहेर नसतो, म्हणून तर बाहेर कायदा हवा, आणि आज आहे तो तोकडा आहे. माझे वाचक याउलट, ‘मुळात या खेळात गेलातच कशाला’, असं विचारतील. त्यांना उत्तर देण्यासाठी हे पुस्तक लिहिलेलं नाही, पण ते लेखांमध्ये अधूनमधून आलं आहे आणि काही ठिकाणी मला नीट देता आलेलं नाही.

व्यक्तींची नावं मी बदललेली नाहीत, वगळली आहेत. आरओंना आपलं नाव कुठे आलेलं आवडत नाही, आणि डीक्यू झालेल्यांना त्याहून कमी. आज्ञांचे शब्द मुद्दाम इंग्रजीच ठेवले आहेत, कारण रेंजवर त्यांचं भाषांतर करणाऱ्याला बाहेर काढतील. पिस्तुलाच्या लेखांपासून सुरुवात करावी, त्यांत माणसं जास्त आहेत. शॉटगन भरण्याच्या पद्धतींवरचा लेख, विशेषतः एका झटक्यात चार काडतुसं कशी भरतात हा भाग, ज्यांना हातांच्या करामतीत रस नाही त्यांनी खुशाल सोडावा. माझ्या नवऱ्यानेही सोडला.